क्रॉफर्डसाहेब, त्याचे मामलेदार आणि 'तक्रार' नावाचा शब्द

क्रॉफर्ड मार्केट माहीत नाही असा मुंबईकर सापडणं कठीण. पुढे नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं, पण टॅक्सीवाल्याला अजून 'क्रॉफर्ड'च सांगावं लागतं. दिवाळीच्या आधी तिथल्या गर्दीत धक्के खाताना हा क्रॉफर्ड कोण होता, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मला पडला आणि दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. कारण हा माणूस मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. शहर घासूनपुसून काढणारा, धडाकेबाज वगैरे. आणि हाच माणूस तेवीस वर्षांनी मुंबई इलाख्यातल्या एका प्रचंड गाजलेल्या लाचखोरीच्या प्रकरणाचा नायक (की खलनायक?). माणूस एकच, दोन्ही वेळा सरकारी नोकर.

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर खड्डे, परवाने, दाखले असले विषय निघाले की कुणीतरी हमखास म्हणतं, "एक खमका माणूस आणून बसवा, सहा महिन्यांत सगळं सरळ होईल." तुमच्याही ऑफिसात म्हणत असतील. मुंबईने हा प्रयोग १८६५ साली करून पाहिलेला आहे. त्याची गोष्ट सांगतो. वाटेत कूफा आणि बगदादही लागेल, पण फार लांब नाही जाणार, घाबरू नका.

तर १८६५. अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले कागदावरचे करोडपती एका रात्रीत रस्त्यावर आले. शहर मात्र वाढून बसलं होतं: उघडी गटारं, कुठेही भरणारे बाजार, वस्तीतच जनावरं कापण्याच्या जागा, दरवर्षी ठरलेला पटकी. आधी तीन कमिशनरांचं मंडळ कारभार पाहायचं, म्हणजे तिघांची तोंडं तीन दिशांना. १८६५ च्या कायद्याने तिघांच्या जागी एकच कमिशनर आणला आणि अंमलबजावणीचे जवळजवळ सगळे अधिकार त्याला दिले. वर 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे शहरातल्या प्रतिष्ठित गोऱ्या-काळ्या मंडळींचं मंडळ होतं, पण लगाम त्यांच्या हातात नावापुरताच. आमच्या भाषेत सांगायचं तर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डला रूट पासवर्ड मिळाला आणि लॉग कोण तपासणार हे कुणी ठरवलंच नाही.

आणि काम केलं हो त्याने! हे मान्य करायलाच हवं. गटारं, रस्ते, साफसफाई यांना शिस्त लावली. कत्तलखाना शहरातून उचलून वांद्र्याला नेला. १८६९ मध्ये विल्यम इमर्सनने आखलेली ती देखणी मंडई उभी राहिली. (दारावरची शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आपल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची, लॉकवुड किपलिंगची. पुढच्या वेळी मान वर करून बघा.) मृत्यूचं प्रमाण घटलं.

फक्त पैसा कुठून आला आणि कुणाच्या मंजुरीने गेला, ते कुणाला नीट सांगता येईना. खर्च भरमसाट वाढला, कर वाढले, आणि १८७१ मध्ये करदाते भडकले. सभा, अर्ज, निषेध. क्रॉफर्डला पद सोडावं लागलं.

या गदारोळात एक सव्वीस वर्षांचा पारशी बॅरिस्टर धोबीतलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि गर्दीच्या मताविरुद्ध बोलला. फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चूक एका हातात अधिकार देण्यात झालेली नाही. काम करणारा हात एकच असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडून दिलेलं मंडळ बसवा आणि हिशेब तपासणारा स्वतंत्र माणूस नेमा. सभेला ते पटलं नाही. पण १८७२ चा कायदा आला तेव्हा ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनमध्ये ३२ करदात्यांनी निवडलेले होते, १६ जस्टिस मंडळींनी आणि १६ सरकारने. महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा आहे, तो काही उगाच नाही.

(कंसातली गोष्ट: 'करदाते' म्हणजे ठराविक रकमेच्या वर कर भरणारे. गिरगावच्या चाळीतला कारकून किंवा परळ-लालबागचा गिरणीकामगार यात कुठेच नव्हता. भाडेकरूंना मत मिळायला १९२२ ची दुरुस्ती यावी लागली. माझे आजोबा परळच्या चाळीतले. त्यांच्या आधीच्या पिढीसाठी म्युनिसिपालटी म्हणजे प्लेगात घर धुवायला येणारी माणसं, एवढीच ओळख.)

१८७३ मध्ये या कॉर्पोरेशनवर आलेल्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. सुलेमानी बोहरा घराण्यातले, मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर, १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष. अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. क्रॉफर्ड मार्केटकडून सीएसएमटीकडे चालत निघालात तर अंजुमनची ती दगडी इमारत लागते. मी तिच्यासमोरून शंभर वेळा गेलो असेन. पण राज्यकारभार कसा असावा, अधिकाऱ्याला जाब कसा विचारावा, यावर इस्लामी परंपरेत हजार-बाराशे वर्षं डोकेफोड झालेली आहे याचा मला पत्ताही नव्हता. शाळेत आपल्याला लढाया शिकवल्या, फार तर जहांगीरची ती घंटांची सोन्याची साखळी. कारकुनीचा भाग वगळला. माझ्या मते तोच जास्त रंजक आहे. त्याच्याकडे येतोच, आधी क्रॉफर्डला पुण्याला पोचवतो.

मुंबई सोडल्यावर त्याची नोकरी काही गेली नाही. उलट चढत चढत १८८० च्या दशकात तो मध्य भागाचा कमिशनर होऊन पुण्यात बसला. आता त्याच्या हातात मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या. मामलेदार म्हणजे तालुक्याचा राजाच: वसुली त्याच्याकडे आणि फौजदारी न्यायाचे अधिकारही. आणि क्रॉफर्डसाहेब डोक्यापर्यंत कर्जात बुडालेला, राहणी मात्र नवाबी.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. हणमंतराव नावाचा एक मध्यस्थ होता. बढती हवी? हणमंतरावांना भेटा. कोकणात बदली झालीय, रद्द करून हवी? हणमंतरावांना भेटा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

१८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे याने हे प्रकरण बाहेर काढायचं ठरवलं. अडचण अशी की साक्ष कोण देणार? लाच ज्यांनी दिली तेच फक्त सांगू शकणार, आणि सांगितलं की तेही गुन्हेगार. म्हणून सरकारने शब्द दिला: खरं सांगा, तुम्हाला अभय. मामलेदार पुढे आले. हणमंतरावाला कैद झाली. क्रॉफर्डला निलंबित करून तीन सदस्यांचा आयोग पुण्यात बसला. क्रॉफर्डच्या बाजूचं म्हणणं, ती लाच नव्हतीच. आयोगानेही लाचेचे आरोप सिद्ध धरले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्जं घेतली, एवढं मात्र धरलं. लॉर्ड रे याला ते पटलं नाही. शेवटी क्रॉफर्डला नोकरीतून काढलं गेलं, पण 'लाचखोर' हा शिक्का काही कायद्याने बसला नाही. नंतर त्याने इंग्लंडात आठवणींची पुस्तकं लिहिली आणि त्यात पुण्याच्या ब्राह्मणांवर यथेच्छ राग काढला.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. त्याच १८८८ च्या ११ मे रोजी, मांडवीच्या कोळीवाड्यात, म्हणजे मंडईपासून हाकेच्या अंतरावर, जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. तालुक्याच्या कचेरीत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवलं होतं. म्हणजे मामलेदार साहेबाकडे पैसे भरत होता, तर ते तो वसूल कुणाकडून करत असेल? आयोगापुढे या शेवटच्या माणसाची साक्ष कुणी काढली नाही. मंडईवरचं एक नाव पुसून दुसरं लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही देव जाणे, पण बदल अगदी चपखल झाला.

आता ते 'कर्ज होतं, लाच नव्हती'. हा बचाव फार जुना आहे. किती जुना? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. महंमद पैगंबरांनी इब्न अल-लुतबिय्या नावाच्या माणसाला एका टोळीकडून जकात गोळा करायला पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, हे एवढं तुमचं आणि हे एवढं मला भेट मिळालंय. त्यावर पैगंबर मिंबरवर उभे राहून सगळ्यांसमोर बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की हा गृहस्थ आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का?

किती साधी कसोटी आहे बघा. हेतू काय होता, व्याज ठरलं होतं का, कागद केला होता का, काही विचारायचं नाही. खुर्ची काढून घेतली तर हे मिळालं असतं का, एवढंच. पुण्याच्या आयोगाने ती लावली असती तर महिनोन्महिने चाललेलं काम एका दुपारी आटोपलं असतं. कमिशनर नसलेल्या कर्जबाजारी इंग्रजाला कुठला मामलेदार पैसे उसने देणार होता?

दुसरे खलिफा उमर यांच्याबद्दल याच धर्तीच्या गोष्टी परंपरेत सांगितल्या जातात. सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून ठेवायची, परत आल्यावर ताडून पाहायची आणि वाढ पटली नाही तर निम्मी जप्त. कूफा शहराचा कारभारी साद, मोठा विजयी सेनापती. त्याने बाजाराचा गलका नको म्हणून वाड्याला दार बसवलं. उमरनी मुहंमद इब्न मस्लमा नावाच्या माणसाला मदीनेहून पाठवलं आणि ते दार जाळून टाकायला लावलं. पुढे सादबद्दल तक्रारी आल्या तेव्हा चौकशीला आलेली माणसं मशिदी-मशिदीत फिरली आणि भर समुदायात लोकांना विचारत गेली. बहुतेकांनी चांगलंच सांगितलं. तरीही सादला तिथून हलवलं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य ज्याने ज्याने ऐकलंय त्याला त्या जळक्या दाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मी स्वतः आईच्या एका कागदावरचं नाव दुरुस्त करायला एका सरकारी कचेरीत पाच खेपा घातल्यात आणि त्यातल्या चार खेपा दाराबाहेरच्या बाकावर संपल्या.

पुढे अब्बासी खलिफांच्या काळात याचं खातं झालं. दीवान-अल-मजालिम. मजालिम म्हणजे जुलूम झाल्याच्या फिर्यादी. हो, आपल्या 'जुलूम'चं आणि याचं मूळ एकच. बगदादचा काझी अल-मावर्दी (मृत्यू १०५८) याने या खात्याचे नियम तपशीलवार लिहून ठेवलेत आणि आमच्यासारख्या लोकांना ते वाचताना मजा येते. फिर्याद ऐकायला बसताना शिपाई, काझी, धर्मशास्त्री, कारकून आणि साक्षीदार हे पाचही गट हजर हवेत, त्याशिवाय बैठक सुरू करायची नाही. प्रकरणांचे दहा प्रकार. त्यातले पहिले तीन असे, की त्यांना फिर्यादी यायची वाटच बघायची नाही: सुभेदारांचा जुलूम, करवसुलीतला अन्याय आणि दप्तरातल्या कारकुनांची लबाडी. स्वतःहून जाऊन तपासायचं. अधिकाऱ्याविरुद्ध बोलायला माणूस घाबरणारच, हे गृहीत धरून केलेली रचना आहे ही.

आणखी थोड्या वर्षांनी सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्कने राजाला सल्ला दिला: आठवड्यातून दोन दिवस स्वतः बस, मध्ये कुणी नको, रयतेचं गाऱ्हाणं कानाने ऐक. त्याच्याच ग्रंथात एका बहिऱ्या राजाची गोष्ट आहे. दुभाषे खरं सांगणार नाहीत म्हणून त्याने हुकूम काढला की ज्याच्यावर अन्याय झालाय त्यानेच फक्त लाल कपडे घालावेत. कान गेले तरी डोळे आहेत.

आता लगेच भारावून जाऊ नका. मावर्दी हे लिहीत होता तेव्हा बगदादच्या खलिफाची सत्ता बरीचशी नावापुरती उरली होती, खरा कारभार लष्करी सरदारांच्या हातात. म्हणजे सिस्टीम कोसळत असताना कुणीतरी उत्तम स्पेसिफिकेशन लिहावं, तसा हा प्रकार. आणि सगळी मदार एका माणसावर, राजाच्या मर्जीवर. उमर असतील तर दार जळेल. नसतील तर? राजा स्वतःच जुलूम करत असेल तर लाल कपडे घालून कुणाच्या समोर जायचं? या प्रश्नाचं उत्तर त्या ग्रंथांत नाही. ते उत्तर फिरोजशहांच्या बाजूने येतं: निवडून आलेलं मंडळ, स्वतंत्र हिशेबतपासणी, कायदा. पण उलट बाजूनेही बघा. तक्रार करणाऱ्या माणसाची भीती हा रचनेचा पाया धरणं, हे मावर्दीला सुचलं आणि १८८८ च्या कायदेपंडित ब्रिटिशांना नीट जमलं नाही.

कारण त्या मामलेदारांचं पुढे काय झालं ते राहिलंच. लंडनला आणि कलकत्त्याला प्रश्न उठले की ज्याने पैसे देऊन जागा मिळवली तो न्यायाधीश म्हणून बसणार कसा? प्रश्न चुकीचा नव्हता. पण शब्द दिला होता त्याचं काय? १८८९ मध्ये कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिलं, पण काही मामलेदारांना नोकरीतून काढलं. पुण्यात सभा भरली, टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत न्यायची खटपट केली. टिळकांचा मुद्दा साधा होता. सरकारच्या वचनावर विसंबून ज्यांनी खरं सांगितलं, त्यांना तुम्ही शिक्षा करताय. (पुढे १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. मुंबई लहान आहे!)

काढलेल्यांत सगळे साधुसंत होते असं मी म्हणत नाही. काहींनी चढाओढीने पैसे दिले असतील. पण मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक मामलेदाराने त्या वर्षी जो धडा घेतला असेल तो क्रॉफर्डच्या बडतर्फीचा नव्हता. तो आपल्या बोलक्या सहकाऱ्यांच्या बडतर्फीचा होता.

जाता जाता शब्दांची एक गंमत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कचेरीची भाषा काही पुरती बदलली नाही. 'मामलेदार' अरबी मुआमल्यावरून. 'हिशेब' ज्या धातूचा, त्याच धातूचा 'मुहतसिब', म्हणजे बाजारातली वजनंमापं तपासणारा अधिकारी. 'दाद' म्हणजे फारसीत न्याय, म्हणून आपण दाद मागतो. आणि 'तक्रार'? अरबीत तक्रार म्हणजे नुसती पुनरावृत्ती. तेच तेच पुन्हा सांगणं. सरकारी खिडकीपुढे उभं राहिलेल्या कुणालाही हा अर्थ कोशात बघावा लागणार नाही.

आज परिस्थिती खूप बदलली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात लोकायुक्ताचा कायदा १९७१ चा. माहितीचा अधिकार राज्यात २००२ ला आणि देशात २००५ ला आला. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तर मला मनापासून आवडतो. कुठला दाखला किती दिवसांत मिळायचा ते जाहीर करायचं, अर्जाची पोच द्यायची, उशीर झाला तर वर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. रक्कम किरकोळ वाटेल, पण तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जायचा आहे. पाचव्या खेपेला मी या कायद्याचं नाव घेतलं तेव्हा बाकावरून आत बोलावणं आलं, हेही नमूद करतो.

पण मामलेदारांचा प्रश्न? तो काही सुटलेला नाही. आतली बातमी बाहेर सांगणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, आणि २०२४ उजाडलं तरी तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नव्हती. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार लाच देणाराही सरळसरळ गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत कैद. सूट फक्त त्याला, ज्याला लाच द्यायला भाग पाडलं गेलं आणि ज्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं. आधीच जाऊन सांगितलं आणि सापळ्यासाठी पैसे दिले तर गुन्हा नाही. मुंबईत त्यासाठी वरळीला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं ऑफिस आहे, १०६४ हा फोन नंबर आहे.

पुण्याच्या मामलेदारांना ही सात दिवसांची सवलत १८८८ मध्ये असती, तरी त्यांचा अर्ज वरिष्ठांमार्फतच जायचा होता. कलेक्टर आणि त्याच्यावर कमिशनर. कमिशनर म्हणजे क्रॉफर्ड.